एका अंगठ्याची ऑपरेटर

धनश्री टकले आमच्या वाडीतली, पाबळच्या अलीकडची. तिच्या उजव्या हाताला आता फक्त अंगठा आहे. चार बोटं चार वर्षांपूर्वी एका कारखान्यात प्रेसखाली गेली. मशीनचा सेन्सर बंद आहे हे तिनं त्या दिवशी सकाळीच सुपरवायझरला सांगितलं होतं. "टार्गेट हाय, चालव," एवढंच उत्तर मिळालं. दवाखान्यातून आल्यावर तिला आधी पॅकिंगला बसवलं, मग गेटवर, आणि शेवटी घरी.

वाडीच्या दूध संकलन केंद्रातला ऑपरेटर नोकरी सोडून गेला, तेव्हा तिनं अर्ज केला. मी तिथं दोन्ही वेळा दूध घालतो, म्हणून पुढचं सगळं डोळ्यांनी पाहिलेलं.

काम म्हटलं तर सोपं. डाव्या हातानं दुधाचा नमुना फॅटच्या मशीनच्या नळीखाली धरायचा आणि उजव्या हातानं दूध घालणाऱ्याचा नंबर कॉम्प्युटरवर मारायचा. संस्थेचे सचिव सोपानराव तिच्या हाताकडं बघत म्हणाले, "पोरी, हे दोन हातांचं काम हाय."

"आठ दिवस द्या. मग बोला," धनश्री म्हणाली.

पहिल्या सकाळी रांग पार रस्त्यावर गेली. कीबोर्ड उजव्या अंगाला, खोल खणात बसवलेला. एका अंगठ्यानं तिथवर पोचता येईना. मग बाटली खाली ठेव, डाव्या हातानं नंबर मार, परत बाटली उचल. रांगेतली सिंधूबाई सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "आमी काय दिसभर हितंच उभं ऱ्हायचं का?" धनश्रीनं मान वर केली नाही. पण कानाच्या पाळ्या लाल झालेल्या मला दिसल्या.

तिसऱ्या दिवशी तिनं एक वस्तू आणली. तळहाताएवढा बिनवायरचा नंबरपॅड. त्यावर फक्त आकडे आणि एंटर. त्याला तिनं पट्टा शिवून घेतला होता. पॅड उजव्या तळव्यावर बांधला की अंगठा सगळ्या आकड्यांवर फिरायचा. डावा हात बाटलीला मोकळा.

अडचण एवढीच की आमचा कॉम्प्युटर वीस वर्षांचा. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं, आणि कीबोर्ड गोल पिनेचा. नंबरपॅडचा रिसीव्हर म्हणजे नखाएवढा चपटा तुकडा. शिरूरच्या कॉम्प्युटरवाल्या दुकानदारानं तिला एक जांभळी जोडणी दिली. एका बाजूला चपटं भोक, दुसऱ्या बाजूला गोल पिन. ती लावली तर काहीच होईना. ती परत गेली, तर तो म्हणाला, "ताई, नवीन कॉम्प्युटर घ्या. जुनं भंगारात घाला."

"भंगारात घाला हे मी लई ऐकलंय," धनश्री म्हणाली आणि जोडणी त्याच्या काउंटरवर ठेवून निघून आली.

मोबाईलवर वाचून वाचून तिला कळलं की त्या जोडणीनं नुसती पिन बदलते. पॅडला जुन्या मशीनची भाषा आधीच येत असेल तरच ती चालते, आणि ह्या पॅडला ती येत नव्हती. मग तिनं कॉम्प्युटर भिंतीपासून ओढला. मागं धुळीत दोन चपटी भोकं निघाली. रिसीव्हर तिथं बसवला. पॅडचा दिवा लागला, पण पडद्यावर आकडा उमटेना. त्या भोकांतून आलेला कीबोर्ड ऐकायचाच नाही, असं मशीनच्या आतल्या सेटिंगमध्येच ठरवून ठेवलेलं होतं. ते सेटिंग मशीन सुरू होतानाच उघडतं, आणि उघडायला जुनाच कीबोर्ड लागतो.

संध्याकाळचं दूध गेल्यावर तिनं तो जुना कीबोर्ड पुढ्यात ओढला. तेवढ्यात सोपानराव आले.

"हात लावू नको! मशीन बंद पडलं तर उद्या दोनशे घरांचं दूध कुठं घालायचं?"

"बंद न्हाई पडायचं."

"आन् पडलं तर?"

"पडलं तर उद्या मी येणार न्हाई. पण चाललं, तर ह्या खुर्चीवरून मला कुणी उठवायचं न्हाई. कबूल हाय का?"

सोपानराव माझ्याकडं बघायला लागले. मी म्हणालो, "व्हय म्हणा, सोपानराव." ते हात झटकत बाजूला झाले. तिनं त्यालाच होकार धरलं.

मशीन सुरू करून ती डिलीटचं बटण दाबत राहिली. सेटिंगचा निळा पडदा आला. पडद्यावर डाव्या हाताचं बोट ठेवून एकेक ओळ वाचत तिनं 'यूएसबी कीबोर्ड'पुढचं 'बंद' काढून 'चालू' केलं आणि मशीन परत सुरू केलं. पॅडवर पहिला आकडा मारला, आठ. पडद्यावरची लुकलुकती रेघ वरच्या ओळीवर उडाली. सोपानराव हसले. "बघ, येडं झालं."

"येडं न्हाई," ती म्हणाली, "आकड्यांचं कुलूप लागलंय." तिनं नम लॉक दाबलं आणि परत आठ मारला. आठ उमटला.

सकाळी मात्र मधेमधे आकडे गळायला लागले. रिसीव्हर कॉम्प्युटरच्या लोखंडी डब्याच्या मागं, आणि भोवती सगळे स्टीलचे कॅन, त्यात सिग्नल अडायचा. तिनं एक हातभर वायर आणून रिसीव्हर टेबलावर पुढं आणला. त्या दिवसापासून रांग पायरीच्या खाली गेली नाही.

महिन्यानं संस्थेची बैठक झाली. सोपानरावांनी तिच्या नेमणुकीचा ठराव वाचला, "अपंग भगिनीस सहानुभूतीपूर्वक..."

धनश्री उठली. "सचिवसाहेब, ते खोडा. रांग माझ्यामुळं लवकर सरती का न्हाई? मग तसं लिहा. कुणाची दया घ्यायला मी पहाटे पाचला उठत न्हाई."

मग मागून सिंधूबाईचाच आवाज आला, "खरं हाय तिचं. खोडा." सोपानरावांनी ओळ खोडली आणि 'कार्यक्षम ऑपरेटर' लिहिलं.

गेल्या आठवड्यात वरवंडच्या एका वजनकाट्यावरून फोन आला. तिथलंही मशीन असंच जुनं, आणि नवा कीबोर्ड घेईना. भैरूआप्पा, म्हणजे धनश्रीचे वडील, तिला मोटारसायकलवर घेऊन गेले. काट्याचा मालक भैरूआप्पांना म्हणाला, "या आप्पा. मशीन तुम्हीच बघणार ना?"

"मी निस्ती गाडी चालीवली," भैरूआप्पा म्हणाले.

मालकानं तिच्या हाताकडं पाहिलं, पण मशीनपुढच्या खुर्चीवरून तो हलला नाही.

"खुर्ची सोडा," धनश्री म्हणाली, "आन् जुना कीबोर्ड फेकला नसंल तर तेवढा शोधा."