यर्टच्या कड्याला टांगलेला झोपाळा

चार माणसं मिळून एखादं छप्पर दुरुस्त करायला लागली, की काम उरकतं आणि बोलणी मागे राहतात. आम्हा अमेरिकेत श्रूजबरीला राहणाऱ्या मंडळींकडे अशी बरीच साठलीत. मी शाळेत फारसा गेलेलो नाही, तेव्हा जमेल तसं लिहितो.

*

दोन हजार पाच साल असेल. माझ्या मुलाच्या शेजारी प्रकाश राहायचा. त्याची बायको वैदेही आजारी होती, घरात तिचा जीव गुदमरायचा. म्हणून त्याने मागच्या अंगणात यर्ट उभारला. यर्ट म्हणजे गोल तंबूच, पण लाकडी जाळीच्या भिंतींचा. छपराचे वासे मधोमध एका लाकडी कड्यात अडकतात, आणि कड्यावर आभाळ दिसेल असा घुमट.

वैदेहीला त्यात झोपाळा हवा होता. तिच्या आईने सांगलीहून पितळी साखळ्या आणल्या. विमानतळावर बॅग उघडून कस्टमच्या साहेबाने विचारलं, या कशासाठी? आई म्हणाल्या, "फॉर सिटिंग."

*

प्रकाशने झोपाळा टांगला तो थेट कड्यालाच. वर बर्फ साचला. कडं खाली आलं, भिंती बाहेर फुगल्या, दोन वासे तडकले. नशीब, तेव्हा वैदेही हॉस्पिटलात होती.

आमच्या मंडळींतला सतीश पुण्याचा, आयटीतला. तो म्हणाला, "अरे, तंबूला झोपाळा कोण टांगतं?"

"आमच्याकडे ओटीवर टांगतात," प्रकाश म्हणाला.

"ओटीला तुळई असते यार."

प्रकाश तिथलाच बर्फ फावड्याने ओढत राहिला.

*

मग यर्टच्या कंपनीला फोन केला. पलीकडच्या माणसाने विचारलं, छपराला काही टांगलंय का?

प्रकाश म्हणाला, "माझ्या बायकोचा झोपाळा."

तो माणूस मग हळू आवाजात म्हणाला, "सर, तो काढावा लागेल. माणसाचं वजन नाही पेलायचं."

*

मी गावाकडे मांडव घालायचो. मला वाटलं, मधोमध एक खांब दिला की झालं. दिला. कडं लगेच सावरलं, मीही खूश झालो.

वैदेही घरी आली, यर्टमधल्या खाटेवर आडवी झाली, वर बघितलं. "काका, नेमका माझ्या आभाळात खांब?"

खांब काढायचं ठरलं.

*

मग रीतसर काम केलं. जॅकने कडं हळूहळू वर घेतलं, भिंतींना वरून कवळून धरणारी तार आवळली, तडकलेले वासे बदलले, भिंतीलगत प्रत्येक वाशाखाली टेकू दिला. सतीश म्हणाला, "वहिनी, आता पहिल्यापेक्षा मजबूत झालंय."

"मला बसवाल का असे टेकू, भावजी?" वैदेही म्हणाली, आणि एकटीच हसली.

*

बर्फ वितळला तोवर तिला आपलं आपण उठता येईनासं झालं. एका दुपारी म्हणाली, "झोपाळा लावा ना परत. एकदाच बसते."

मी म्हटलं, "पोरी, माणसाचं वजन नाही टांगायचं. कंपनीने बजावलंय."

"माणसाएवढं वजन उरलंय कुठे, काका?"

आम्ही साखळ्या लावल्या. प्रकाशने तिला उचलून फळीवर बसवलं, पाठीला हात दिला. सतीश तारेपाशी उभा राहिला. मी कड्याकडे डोळे लावले. झोपाळा जरासा हलला. वैदेहीने डोळे मिटून घेतले.

कडं तसूभरही हललं नाही.

"बघा, काही झालं नाही," सतीश म्हणाला.

प्रकाश वर बघतच राहिला. मग माझ्या कानाशी तोंड आणून म्हणाला, "काका, थोडं तरी वाकायला हवं होतं."