मुतुबाचं उघडं अंग

झोपलेल्या पोराचा सदरा काढावा, तशी कातबाल्वा हा सालीचं वस्त्र करणारा कारागीर मुतुबा झाडाची साल काढायचा. केळीच्या सोपटाची पाचर हळूच सारत जायची. खालच्या कोवळ्या थराला ओरखडाही येत नसे. जुळ्यांचा बाप म्हणून गाव त्याला सालोंगो म्हणे. स्वभाव मात्र भिडस्त, कुणाला नाही म्हणणं जमत नसे.

नांबोझे जज्जाच्या, म्हणजे नांबोझे आजीच्या, परसातला मुतुबा तिच्या नवऱ्यानं लावलेला. नवरा वारला. शनिवारी शेवटचे विधी होते, आणि त्याच झाडाच्या सालीचं वस्त्र घालून थोरल्या मुलाला वारस करायचं होतं.

"वस्त्र झालंच पाहिजे, सालोंगो. पण झाड गेलं तर तू या अंगणात पाऊल टाकायचं नाहीस," जज्जानं बजावलं.

साल निघाली. उघडं खोड सुकू नये म्हणून त्याला लावायला कातबाल्वानं शेणाचं घमेलं ओढलं.

"शेण नको. पाहुणे नाकं मुरडतील."

"पण जज्जा…"

"नको म्हटलं ना."

त्यानं नुसती केळीची पानं गुंडाळली आणि ओली साल घेऊन छपरीत बसला. मोगरीखाली ती कुठे जरा रुंदावू लागली, तोच जज्जा धापा टाकत आली.

"शेळीनं पानं खाल्ली. झाड उन्हात उघडं पडलंय. ऊठ."

"उठलो तर इथे साल वाळून कडक होईल. मग कितीही ठोका, वस्त्र होणार नाही."

"म्हणजे मी एकच काहीतरी निवडू?"

कातबाल्वाची मोगरी थांबली नाही. "तुम्हालाही दोन हात आहेत, जज्जा. घमेलं तिथेच आहे."

आपण हे बोललो, याचं त्यालाच नवल वाटलं.

"माझा नवरा असता तर असं बोलला असतास?"

"ते असते तर त्यांनी सकाळीच शेण लावलं असतं."

ती खुदकन हसली आणि पदर खोचून निघाली. ठोकता ठोकता तो मान उंचावून बघत होता. जज्जा कोपरापर्यंत शेणात होती, शेळीच्या सात पिढ्यांचा उद्धार करत लेप थापत होती. वर पानं बांधली, शेळी दूर खुंट्याला बांधली.

शनिवारी थोरल्याच्या खांद्यावर तांबूस वस्त्र शोभलं. पाहुण्यांनी नाकं मुरडली, पण जेवणं काही कमी झाली नाहीत.

काही आठवड्यांनी कातबाल्वानं पानाचं टोक उचललं. आत नवी साल धरली होती. नख दाबलं, रुतलं नाही. त्याचा जीव भांड्यात पडला.

"काय रे?" जज्जानं विचारलं.

"जगलं. लेप छान बसलाय."

"कुणी लावलेला?"

"तुम्ही."

"जरा मोठ्यानं बोल. सून आत आहे."