मागच्या उताराचं पाणी

रंगराव गुरुजींना बुलढाणा तालुक्यातले नदी-नाले उगमापासून संगमापर्यंत तोंडपाठ होते. चालायचं मात्र त्यांच्या जिवावर यायचं. देऊळघाटच्या वरच्या अंगाला एका लहान गावात त्यांनी बावीस वर्षं चौथीला शिकवलं, आणि निवृत्त झाल्यावर तालुक्याचा इतिहास-भूगोल लिहायला बसले. तेही खुर्चीतच.

गावात त्यांचं एक लाडकं ठिकाण होतं, अमीनाबीचं घर. दोन नद्यांचं पाणी जिथे वेगळं होतं ती रेषा गुरुजींच्या मते या घरावरूनच जात होती. कवेलूंच्या, म्हणजे कौलांच्या, छपराच्या पुढच्या उतारावरचं पाणी पैनगंगेला आणि शेवटी बंगालच्या उपसागराला. मागच्या उतारावरचं घाट उतरून नळगंगेला आणि शेवटी अरबी समुद्राला. दर ऑगस्टमध्ये चौथीचा वर्ग तिथे जायचा. अमीनाबीचा मुलगा फहीम छपरावर चढून तांब्याभर पाणी ओतायचा, पोरं टाळ्या वाजवायची, आणि अमीनाबी प्रत्येकाच्या हातावर गूळ-फुटाणे ठेवायची. गुरुजी निवृत्त झाल्यावरही ही सहल त्यांनी दुसऱ्या कोणाला नेऊ दिली नाही.

घर गळत होतं. सरकारी घरकुलाच्या यादीत अमीनाबीचं नाव दोनदा आलं आणि दोनदा तिनेच नाही म्हटलं. "कवेलू काढले तं पोट्टे काय पाह्यतील?" गुरुजींना याचं फार कौतुक. पुस्तकात त्यांनी तिच्यावर एक परिच्छेद लिहिला. तिसऱ्यांदा नाव आलं तेव्हा ग्रामसेवकाने बजावलं, पंधरा दिवसांत हो म्हणा, नाहीतर नाव कायमचं गेलं. फहीम आईशी भांडून थकला होता.

त्याच आठवड्यात खामगावच्या छापखान्यातून निरोप आला: मागच्या उताराचं पाणी ओढ्याला मिळतं तिथला फोटो पाठवा. गुरुजी नाइलाजाने उठले. इतक्या वर्षांत ते पहिल्यांदा अमीनाबीच्या घराच्या मागे गेले. नालीच्या कडेने पन्नासेक पावलं चालले. शेजारच्या भिंतीशी नाली वळली, रस्त्याच्या पुलाखालून पुढे आली आणि घरापुढच्याच नाल्याला मिळाली. तो नाला पैनगंगेचा. पाणी खरोखर वेगळं होतं ती घाटाची कड अजून दीड किलोमीटर वर होती.

घरी येऊन ते आठ दिवस गप्प बसले. पुस्तक तसंच छापून आलं तर कोणालाही कळणार नाही, असं त्यांना वाटलं, आणि असं वाटणं मला तरी अगदी माणसासारखंच वाटतं. फक्त यादीची मुदत सरत चालली होती. नवव्या दिवशी ते अमीनाबीकडे गेले आणि ओसरीवर न बसताच बोलले.

"अमीनाबी, मी चुकलो. दोन्ही बाजूंचं पाणी एकीकडेच जातं. तुम्ही घरकुलाला हो म्हणा."

अमीनाबी तांदूळ निवडत होती. तिने सूप खाली ठेवलं.

"मागचं बी बंगालले?"

"हो."

"मले माहीत होतं ते."

गुरुजींना वाटलं, ती चेष्टा करतेय.

"मागं म्या रोज भांडे घासतो, गुरुजी. पानी पुढच्या नाल्याले जाते हे रोज दिसते मले."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही सांगतलं ना अरबी समुद्र! म्या म्हटलं, शिकेल मानूस हाय, पुढं जाऊन पानी कुठंतरी फिरत असन." मग तिचा आवाज चढला. "या कोपऱ्यात घमेलं, त्या कोपऱ्यात बादली. फहीमचं लगन झालं तवा नवी सून वल्ल्या गादीवर निजली. काऊन? तुमच्या समुद्रासाठी. एक डाव मले इचारलं असतं तं?"

गुरुजींना लाज वाटली. इतकी लाज त्यांना उभ्या आयुष्यात वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी अमीनाबीने कागदांवर अंगठा दिला. कवेलू उतरवायला गुरुजी स्वतः आले. कोणी बोलावलं नव्हतं, पण कोणी परतही पाठवलं नाही. स्लॅबच्या दिवशी मिस्त्रीने वरून आवाज दिला, पाण्याचा ढाळ कोणत्या बाजूला देऊ? सगळ्यांनी सवयीने गुरुजींकडे पाहिलं.

"इकडं पाह्य," अमीनाबी मिस्त्रीला म्हणाली. "मी सांगतो."