हंड्यातला डहाळा

कडुलिंबाचा पाला चुरगळला की निपाणीचं ते गॅरेज आठवतं, तंबाखूच्या वासानं जड झालेली दुपार आठवते. ट्रॅकवर पळवायला मी जुन्या गाडीच्या इंजिनाची ताकद वाढवून घेतली होती. जोर लई आला, पण प्रत्येक वळणावर तेलाचा लाल दिवा लागायचा. असंच पळवलं असतं तर इंजिन जाम झालं असतं. "वळणावर तेल एका अंगाला पळतंय, पंपाला मिळतच नाही," गॅरेजचे मिस्त्री म्हणाले. तेवढ्यात त्यांची आक्का डोक्यावर हंडा घेऊन आली. पाणी हिंदकळू नये म्हणून वर कडुलिंबाचा डहाळा टाकलेला. मिस्त्री बराच वेळ त्या निवांत पाण्याकडे बघत राहिले. "आक्का, तुझा डहाळा गाडीत बसवतो बघ," म्हणाले, आणि तेलाच्या चेंबरमध्ये त्यांनी पत्र्याचे आडवे पडदे वेल्ड केले. शर्यतीत मी कितवा आलो, आठवत नाही. दिवा लागला नाही, एवढं आठवतं. आता नवी गाडी आहे, तरी वळण आलं की नजर दिव्याकडे जाते, आणि काचा बंद असूनही लिंबाचा वास येतो.