जेवणाचा रकाना

सोनईच्या अलीकडच्या वस्तीवरच्या रतनबाईला कुणी विचारलं असतं, की बाई, तू जन्मात काय केलंस, तर तिनं सांगितलं असतं, पोराला डबा पोचवला. आणि त्यात खोटं काही नव्हतं. मच्छिंद्र नगरला कॉलेजात होता तेवढी वर्षं ती पहाटे उठून भाकरी थापायची, डब्याला हिरवी चिंधी बांधायची आणि फाट्यावर जाऊन सकाळच्या एस.टी.त ठेवून यायची. कंडक्टर तो नगरच्या स्टँडवर उतरवायचा. खेड्यांतली पोरं तेव्हा अशीच शिकली. एकदा एक नवा कंडक्टर डब्याचं तिकीट मागायला लागला, तर बाईनं भर फाट्यावर त्याची अशी हजेरी घेतली, की पुढं तोच डबा मांडीवर घेऊन जायला लागला.

घरात दाणा असताना पोरानं विकत घेऊन खायचं, याची तिला शरम वाटायची. खानावळीत जेवतात ती पोरं बिनआईची, असा तिचा सरळ हिशेब.

एकाहत्तर साली मच्छिंद्राला अमेरिकेतल्या शेतकी कॉलेजात जागा मिळाली. फी माफ झाली, पण राहण्याखाण्याचा वर्षाचा खर्च घरानं करायचा होता, आणि तेवढी ऐपत आहे हे मुंबईला व्हिसाच्या कचेरीत कागदावर दाखवायचं होतं. त्याशिवाय जाऊच देत नव्हते. खोली, जेवण, पुस्तकं, थंडीचे कपडे असे रकाने आखून मच्छिंद्र ओसरीवर बसला. बाप राधाकृष्ण शेजारी बसून आकडे ऐकत होता. खाऊनपिऊन सुखी माणूस, कुणाचं देणं नाही, पण त्या आकड्यांपुढं त्याला आपलं शिवार एवढंसं दिसायला लागलं. बैलजोडी विकायची धरली, विहिरीवरचं इंजिन धरलं, आजोळची मदत धरली, तरी बसेना. सगळ्यांत जड आकडा जेवणाचा होता.

"जेवनाचं कशाला धरता?" रतनबाई चुलीपुढून म्हणाली. "त्ये मी बघते."

"आई, अमेरिका हाय ती. तिकडं यष्टी न्हाई जात."

"बोट जाती न्हवं? मग झालं तर."

मच्छिंद्र हसला. मग उगाच गंमत म्हणून त्यानं जेवण सोडून बेरीज केली आणि त्याचं हसू थांबलं. बसत होतं. बापानं कागदाकडं पाहिलं, पोरानं बापाकडं. अहो, अक्कल दोघांनाही होती. हे चालायचं नाही एवढं कळत होतं. पण दुसरी वाट नव्हती, आणि आशेला लागलेला माणूस किती येडा होतो ते अशा वेळी बघावं. जेवणाच्या रकान्यात मच्छिंद्रानं इंग्रजीत लिहिलं, 'घरून येईल.'

रतनबाईच्या अंगात वारं भरलं. सबंध उन्हाळा तिनं कुरडया घातल्या, सांडगे घातले, शेवया वळल्या, लसणाची चटणी कुटली. पीठ दिलं तर महिन्यात कडू होईल, म्हणून ज्वारी अख्खीच द्यायची ठरवली. एवढ्या मोठ्या देशात पिठाची गिरणी नसेल होय?

"पोरगं शिकाया चाललंय का दुकान टाकाया?" जाऊ रंगुबाईनं चिमटा काढला.

"तुजं पोरगं जाईल तवा तू मोकळं धाड," रतनबाई म्हणाली, आणि पुन्हा कुरडयांकडं वळली.

मुंबईला मच्छिंद्राबरोबर त्याचा चुलतभाऊ छगन गेला होता. परत आल्यावर मच्छिंद्र घरात न शिरता तसाच मळ्यात निघून गेला. छगन ओसरीवर टेकला आणि तिखटमीठ लावून सांगायला लागला.

"सायबानं इचारलं, जेवनाचे पैसे कुठंयत? ह्यो म्हनला, जेवन घरून यील. सायबानं दोनदा इचारलं. मग म्हनला, भायेरचं धान्य आमच्या बंदरात उतरू देत न्हाईत, आन् उपाशी मानूस आमी घेत न्हाई. कागद परत दिला. लई सभ्य मानूस, हसला सुदिक न्हाई."

छगन मात्र हसला. आत चुलीपुढं रतनबाईनं सगळं ऐकलं. ती बाहेर आलीच नाही.

"पुढल्या साली परत जाऊ," राधाकृष्ण म्हणत राहिला. पुढलं साल म्हणजे बहात्तर. पाऊस फिरकलाच नाही. विहीर कोरडी पडली, कणगी रिकामी झाली, अमेरिकेसाठी केलेल्या कुरडया-शेवया घरच्यांनीच संपवल्या. बी.एस्सी. झालेला मच्छिंद्र दुष्काळी कामावर खडी फोडायला लागला. परत जायचं नाव कुणी काढेना, आणि काढून तरी काय करणार?

रेशनवर लाल मिलो मिळायला लागली. अमेरिकेची ज्वारी. बोटीतून आलेली. तिची भाकरी थापताना हातातच फुटायची. आपली त्यांना चालली न्हाई आणि त्यांची आपण खायची, या विचारानं रतनबाईला रोज तव्यापुढं रडू यायचं.

एक दिवस वाढता वाढता तिनं विचारलं, "माज्यामुळं ऱ्हायलं का रं तुजं?"

वर्षभर तिनं हा प्रश्न गिळला होता. पोरगं न्हाई म्हणेल याची तिला खात्री होती. तेवढं ऐकायलाच तर तिनं विचारलं होतं.

मच्छिंद्रानं हातातला घास खाली ठेवला.

"व्हय," तो म्हणाला.

रतनबाईनं त्याला आणखी अर्धी भाकरी वाढली आणि त्यानं ती मुकाट्यानं खाल्ली.