पोकळ झाडांचा जाणकार

झाडावर बोटाच्या पेरानं टकटक करायची, खोडाला कान लावायचा आणि विचारायचं, "हाय का कुणी घरात?" ही आमच्या म्हाताऱ्या जंगलरक्षकाची रीत. त्यांना सगळे नाईक म्हणत, फौजेतून आलेला माणूस. मी मेढ्याकडच्या जंगलखात्याच्या एका लहानशा कचेरीत कारकून. ते मला भाऊसाहेब म्हणत आणि मनातून बिनकामाचा समजत. त्यांचं फारसं चुकत नव्हतं.

धनेशाचं घरटं त्यांनीच मला दाखवलं, जुन्या बेहड्याच्या ढोलीत, उंचावर. मादी आत शिरते, दार लिंपून घेते, एक फट तेवढी ठेवते. नर त्या फटीतून तिला फळं भरवतो.

"तरणं झाड तिला चालत न्हाई, भाऊसाहेब. म्हाताऱ्याच्याच पोटात जागा आसती," असं म्हणत ते स्वतःच्या पोटावरून हात फिरवत.

बाहत्तरचा दुष्काळ सरला आणि पुढच्या चैत्रात वरून हुकूम आला: पोकळ झाडं निकामी, ती आधी तोडा. आता पोकळ झाड ओळखणार कोण? हुशारी करून मीच नाईकांचं नाव सुचवलं. ते साहेबांपुढे एकेका झाडावर टकटक करीत आणि सांगत, "टणक हाय, साहेब." अख्ख्या रानात एक पोकळ झाड निघेना! मी निमूट यादी लिहिली. धाडस वगैरे नव्हे. साहेबांपुढे मी नेहमीच निमूट असे.

पण करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. एवढं टणक रान पाहून वरचे खूश झाले. पुढच्या उन्हाळ्यात नवा हुकूम आला: टणक झाडं तोडा. यादी तयारच होती.

कुऱ्हाडी बेहड्यापाशी आल्या तेव्हा मादी आत कोंडलेली होती. नाईक आडवे आले.

"ह्ये पोकळ हाय, साहेब. गेल्या साली मी खोटं बोललो."

ठेकेदारानं उलटी कुऱ्हाड हाणून आवाज ऐकला आणि तोंड वाकडं केलं. पोकळ लाकूड त्याला कशाला हवं? बेहडा वाचला. मग नाईकांनी तसली सगळी झाडं दाखवली. तीही वाचली.

चौकशी आठवड्यात उरकली. जबाब मी लिहून घेत होतो.

"पोकळ आहे हे माहीत होतं?" साहेबांनी विचारलं.

"व्हय, साहेब."

"मग टणक का सांगितलं?"

"आत बाळंतीण हुती."

साहेब माझ्याकडे वळले. "हे नको. 'कारण सांगता आले नाही' असं लिहा."

मी तसं लिहिलं. कागद पुढे केला तर नाईकांनी न वाचताच सही ठोकली. "भाऊसाहेबांनी लिवलंय न्हवं? मग वाचायचं काय त्यात?"

पेन्शनला दोन वर्षं उरलेली असताना त्यांची नोकरी गेली. मे महिन्यात बेहड्यातून पिल्लं उडाली. ती मी एकट्यानं पाहिली, आणि मला फार लाज वाटली.