सावकाश जाणारं औषध

प्रज्ञाचा फोन आला तेव्हा मी नायगावच्या शाळेत सातवीचे पेपर तपासत होतो. "सर, आई गेली..." एवढंच ती बोलली. तिची आई म्हणजे नांदेडच्या एका दवाखान्यातल्या रमासिस्टर. निवृत्तीनंतर त्या लातूरला लेकीकडे राहायच्या. प्रज्ञाही तिथं नर्सच आहे. खोटं कशाला बोलू, फोन ठेवल्यावर पहिल्यांदा मनात आलं ते हे, की आता सांगायचं राहूनच गेलं. दुःख त्याच्या मागून आलं.

आठ वर्षांपूर्वी माझ्या बायकोला, सुनंदाला, न्यूमोनिया झाला. गोळी पोटात टिकेना, श्वास भात्यासारखा चाललेला. डॉक्टर म्हणाले, आता अॅझिथ्रोमायसिन शिरेतूनच द्यावं लागेल. गोळीचं हे नाव घरोघरी ठाऊक. घसा धरला की आम्ही कुणाला न विचारता घेऊन मोकळे होतो. पण त्याचीच पावडर विरघळवून, मोठ्या सलाईनमध्ये मिसळून थेंबाथेंबानं देतात, हे विज्ञान शिकवणाऱ्या मलाही नवं होतं. रमासिस्टर बाटली लावायच्या, नळीवरचं चाक फिरवून घड्याळाकडे बघत थेंब मोजायच्या. म्हणायच्या, "तीन तास लागतील, सर. हे औषध लई मानी हाय. घाई केलेली त्याला खपत न्हाई." किनवटच्या वसतिगृहात राहून शिकलेली ही बाई कमी बोलायची, पण बोलली की काळजीतला माणूसही हसायचा.

दुसऱ्या दिवशी दुपारी ताप फणफणला. सुनंदा डोळे उघडेना. रमासिस्टर पलीकडच्या खाटेशी गुंतल्या होत्या. आमच्या गावाकडची समजूत अशी, की बाटली भराभर गेली की अंगात लवकर जोर येतो. अर्ध्या तासात सलाईन चढवून माणसं पायी घरी जातात. त्या टपकणाऱ्या थेंबांकडे बघून माझा जीव वरखाली होत होता. मी चाक सैल केलं. विज्ञानाच्या मास्तरनं! थोड्या वेळानं सुनंदा हात झटकायला लागली. "आग होतीय... छातीत धडधडतंय." रमासिस्टर धावत आल्या, सलाईन बंद केलं, डॉक्टरांना बोलावलं. ईसीजी निघेपर्यंत मी भिंतीला टेकून उभा होतो. आपण आपल्या हातानं बायकोला मारलं, याशिवाय डोक्यात दुसरं काही नव्हतं.

ईसीजी ठीक निघाला. मग डॉक्टर सगळ्या वॉर्डासमोर रमासिस्टरांवर बरसले. "एवढा वेग कुणी ठेवला?" मी तोंड उघडायला हवं होतं. उघडलं नाही. त्या एवढंच म्हणाल्या, "माझं ध्यान नव्हतं, डॉक्टर. पुढं ध्यान ठेवते." दुसऱ्या हाताला सुई लावून औषध सावकाश पुन्हा सुरू झालं. पाचव्या दिवशी सुनंदानं भाकरी मागितली.

पुढे घरोबा झाला. हुरड्याच्या दिवसांत त्या आमच्याकडे यायच्या, सुनंदा त्यांना ताई म्हणायची. आज सांगू, असं मी दर वेळी ठरवायचो आणि चहा पिता पिता विषय पिकापाण्यावर जायचा. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. माझ्या पाठी प्लास्टिकचं एवढंसं चाक लागलं होतं.

रमासिस्टरांच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाल्यावर, लातूरला प्रज्ञाच्या घरी, मी प्रज्ञाला सगळं सांगून टाकलं. सुनंदा शेजारीच बसली होती. तीही हे पहिल्यांदाच ऐकत होती.

प्रज्ञा शांतपणे म्हणाली, "आईला ठाऊक होतं, सर. चाक तिनं ठेवलं तिथं नव्हतं, अन् खाटेजवळ तुम्हीच होता."

"मग त्या बोलल्या का नाहीत?"

"तुम्हाला वॉर्डाबाहेर काढलं असतं. ती म्हणायची, त्या बाईला औषधाइतकाच नवरा जवळ लागत होता. पण त्यावरनं तिनं आम्हाला एक शिकवलं. असलं औषध सुरू केलं की नातेवाईकाला सांगायचं, पेशंटचा मोकळा हात दोन्ही हातांत धरून बसा, बाटली संपेस्तोवर सोडू नका. भ्यालेल्या माणसाचे हात रिकामे ठेवायचे न्हाईत. आमच्या वॉर्डात अजून तसंच करून राहिलो आम्ही."

"आठ वर्षं गप बसलात," सुनंदा म्हणाली. ती रागावली होती. तरी तिनं माझा हात ओढून घेतला आणि दोन्ही हातांत धरून ठेवला.